सीपॅपच्या फॉलोअपला डॉक्टर ‘आकडे छान आहेत’ म्हणतात, पण दिवसा पेंग येतच राहते. आपलं म्हणणं कसं मांडावं?

तुम्ही लिहिलंय की झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी (स्लीप अ‍ॅप्निया) तीन महिने सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा, मास्क लावताय, ३० च्या वर असलेला एएचआय (श्वास तासाला किती वेळा अडतो तो आकडा) आता २ वर आलाय, डॉक्टर रिपोर्ट बघून ‘उत्तम, चालू ठेवा’ म्हणतात आणि तुम्ही ‘बरं’ म्हणून उठता. दुपारी मात्र डोळे उघडे राहत नाहीत, आणि हे पुन्हा पुन्हा सांगणं उद्धटपणाचं वाटेल अशी भीती आहे. मी स्वतः काही वर्षं सीपॅप वापरते आहे, त्यावरून सांगते.

उद्धटपणा यात काहीच नाही. डॉक्टरांसमोर असतो तो मशीनचा आलेख, तुमची दुपार त्यात कुठेच नसते. ती तुम्हीच सांगायची, फक्त नेमकी सांगायची. ‘अजून बरं वाटत नाही’ एवढ्यावर कोणताही डॉक्टर फारसं काही करू शकत नाही. ‘मीटिंगमध्ये बसल्या बसल्या डुलकी लागते, आणि सकाळी मास्क उशाशी पडलेला असतो, कधी काढला ते आठवत नाही’ असं सांगितलंत, तर त्यांना पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

आता तो २ चा आकडा. झोपेत श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला, असे प्रसंग तासाला सरासरी किती, हे एएचआय सांगतो. ५ च्या खाली असला की आजार आटोक्यात आहे असं धरतात. पण निदानासाठी लॅबमध्ये केलेल्या स्लीप स्टडीच्या रात्री डोक्याला तारा लावून खरी झोप मोजलेली असते. घरचं मशीन मोजतं हवेचा प्रवाह. तुम्ही झोपलात की छताकडे बघत पडलात हे त्याला कळत नाही. मशीन जितके तास चाललं तितक्याने ते प्रसंगांची संख्या भागतं. आणि मास्क निघाल्यानंतरचे तास तर हिशेबातच येत नाहीत. अकराला लावलेला मास्क अडीचला निघाला, तर २ हा आकडा त्या साडेतीन तासांपुरताच. स्वप्नांची म्हणजे रेम झोप जास्त असते ती पहाटेकडे. तेव्हा घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि पुष्कळांचा श्वास त्याच वेळी जास्त अडतो. म्हणजे नेमकी वाईट वेळ मास्कशिवाय जाते आणि रिपोर्ट मात्र देखणा दिसतो.

म्हणून एएचआयच्या आधी तासांचं विचारा: ‘मी रोज सरासरी किती तास वापरतेय आणि मास्क साधारण किती वाजता निघतो?’ सविस्तर रिपोर्टमध्ये हे दिसतं. ‘चार तासांच्या वर आहे, पुरेसं आहे’ असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. निदान ७० टक्के रात्री किमान चार तास, हा निकष अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना मशीनचा खर्च देताना लावते. तो पैसे मंजूर करण्याचा निकष आहे. चार तास झोपून कुणाचं भागतं?

पुढचा प्रश्न गळतीचा. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर नाकाच्या मास्कमधली हवा तोंडावाटे निघून जात असण्याची शक्यता असते. मास्कचा आकार, प्रकार, ह्युमिडिफायर (हवेत ओलावा आणणारा भाग) यांत बदल करून यातलं बरंच सुटतं. पोट फुगणं आणि ढेकरा येणं हेही सांगा, लाजू नका. हवा गिळली जात असेल तर प्रेशरचा विचार करावा लागतो. मात्र प्रेशर स्वतःच्या मनाने वाढवू नका. जे प्रसंग उरलेत ते घसा बंद झाल्याचे आहेत की मेंदूकडून श्वासाची सूचनाच न आल्याचे, ते विचारा. दुसऱ्या प्रकारात प्रेशर वाढवल्याने त्रास वाढूही शकतो.

‘झोप येते’ याला वजन आणायचं असेल तर एपवर्थ स्केल भरून न्या. १९९१ सालची साधी प्रश्नावली आहे: आठ प्रसंग, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली की दिवसाची झोप जास्त मानतात. उपचार सुरू होण्याआधी भरून घेतली असेल तर तो जुना आकडा मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आणि झोप येणं व थकवा येणं यांत फरक करून सांगा, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

तास भरपूर, गळती नाही, एएचआय खरोखरच कमी, आणि तरीही पेंग असेल, तर ‘आता मशीनच्या पलीकडे काय बघायचं?’ असं सरळ विचारा. थायरॉइड, लोह, नैराश्य, पायांची अस्वस्थता, चालू असलेली औषधं, किंवा मुळात अंथरुणात घालवलेले तासच कमी, यातलं काहीही असू शकतं. काहींना उत्तम उपचारानंतरही झोपाळूपणा उरतो. त्यासाठी औषधं आहेत, पण ती मास्कच्या जोडीला घ्यायची.

हे सगळं सांगायला वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या, रिपोर्ट उघडण्याआधी म्हणा: ‘डॉक्टर, आकडे बघण्याआधी मला एक त्रास सांगायचाय.’ आकड्यांवर ‘उत्तम’चा शिक्का बसल्यावर मागे वळवणं अवघड जातं. घरात जे तुमच्या खोलीत झोपतात त्यांना शक्य असल्यास सोबत न्या. घोरणं परत सुरू झालंय का, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, परवान्याच्या भीतीने लपवू नका, आणि हे सुटेपर्यंत चाक दुसऱ्याच्या हाती द्या.

उठण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्या: आज काय बदललं, त्याचा परिणाम किती आठवड्यांनी बघायचा, आणि मधे त्रास वाढला तर कुणाला कळवायचं. मूळ स्लीप स्टडीच्या अहवालाची प्रतही मागून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर सगळ्यात आधी तीच लागते.