दांड्यावरचे खाचखळगे: सिलिकॉन की स्वतःची कूर्चा?

प्रश्न असा आहे: नाकाचं एक ऑपरेशन झालंय, उजेड आडवा पडला की दांड्यावर खाचखळगे दिसतात. कोल्हापुरातच दुरुस्त करायचंय. सिलिकॉनची पट्टी घालावी की कार्टिलेज, म्हणजे स्वतःची कूर्चा (कानात असते तसं लवचिक, मऊ हाड), आणि खर्च किती?

सिलिकॉन नको. तयार मिळतं, झटकन बसतं, म्हणून ते आवडणारे सर्जन आहेत, आणि आमच्या एका ज्येष्ठांशी माझा यावरून जुना वाद आहे. एकदा उघडलेल्या नाकाची कातडी व्रणाने आवळलेली असते. तिथे परकी वस्तू सरकते, पू धरते, कधी कधी कैक वर्षांनीही कातडी फाडून बाहेर येते.

खाचा नुसत्या बोटाला लागण्याएवढ्या असतील तर कानाच्या वर, केसांच्या आत छेद घेऊन टेम्पोरल फॅसिया (कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण) काढतात आणि दांड्यावर अंथरतात. तेवढ्याने भागतं. उंचीच कमी असेल तर त्या फॅसियाची नळी शिवून तिच्यात चिरलेली कूर्चा भरायची. खरी कसोटी चिरण्यात आहे. तुकडे अर्धा ते एक मिलिमीटर, त्याहून मोठे राहिले तर सूज उतरल्यावर कातडीखाली साबुदाण्यासारखे हाताला लागतात. ब्लेड वरचेवर बदलावं. बोथट ब्लेड कूर्चेला चेचतं, आणि चेचलेली कूर्चा विरघळते. एक मिलीच्या सिरिंजचं तोंड कापून भरलं की नळी मऊ वातीसारखी होते, बोटाने हवा तसा आकार घेते. २००० साली एरोल या सर्जननी चिरलेली कूर्चा सर्जिसेलमध्ये (रक्त थांबवायला वापरतात त्या, शरीरात विरघळणाऱ्या जाळीत) गुंडाळली होती. डॅनियल आणि कॅल्व्हर्ट या सर्जनांच्या हाती ती कूर्चा विरघळली, म्हणून २००४ मध्ये त्यांनी फॅसिया सुचवली.

‘थोडं जास्त भरू, नंतर बसेल’ हे ऐकू नका. फॅसियातली भर फारशी उतरत नाही, जास्त भरलेलं जास्तच राहतं. दांड्याच्या मध्यावर, हाड संपून कूर्चा सुरू होते तिथे, कातडी सगळ्यात पातळ असते, तिथे तर हात आणखी आखडता हवा.

कूर्चा आणायची कुठून? पहिली पसंती नाकाच्या पडद्याला, पण वरून आणि पुढून किमान एक सेंटीमीटरची पट्टी सोडावीच लागते, नाहीतर नाक बसतं. तुमच्या पहिल्या ऑपरेशनात तो बहुधा वापरलाय. मग कान. पण आमच्या कोल्हापुरात तालमीतला गडी आला की कान आधीच मोडलेले, आतली कूर्चा वेडीवाकडी आणि व्रणाची. अशा वेळी थेट सहाव्या किंवा सातव्या बरगडीची कूर्चा. काढल्यावर जखमेत सलाइन ओतून भूलतज्ज्ञांना फुप्फुस फुगवून धरायला सांगतात. बुडबुडे आले तर प्लुरा, म्हणजे फुप्फुसाभोवतीचं आवरण, फाटलाय. बरगडीची अखंड कांडी वाकते, चिरली की तो धोका राहत नाही, हा माझा ज्येष्ठांपुढचा मुख्य मुद्दा.

पहिल्या ऑपरेशनाला वर्ष व्हायच्या आत हात लावू देऊ नका. तंबाखू-सिगारेट सोडा. पहिल्याच वेळच्या, जाड कातडीच्या नाकात सिलिकॉन अनेकांना वर्षानुवर्षं टिकतं, हेही खरं. खर्च बरगडी लागते की नाही यावर ठरतो. आणि मधल्या काळात कुणी फिलरने (सुईने टोचायच्या जेलने) खड्डा भरून देतो म्हणालं तर नाही म्हणा. ऑपरेशन झालेल्या नाकात फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, डोळाही जाऊ शकतो.