‘दोन्ही माद्या’ म्हणून आणलेली सशांची जोडी भांडायला लागते तेव्हा

मालवणजवळच्या एका वाडीतून आलेली ही तक्रार. आठवडी बाजारातून दीड महिन्याची दोन पांढरी पिल्लं आणली. विकणारा म्हणाला, “दोन्ही माद्या, निर्धास्त राहा.” नावं ठेवली राणी आणि सोनी. तीन महिने दोघी एकमेकींचं डोकं चाटत, एकाच टोपलीत झोपत. पाचवा महिना लागला आणि राणी घुरघुरत सोनीच्या अंगावर धावू लागली. सोनीच्या कानाला चीर पडली, पडवीच्या भिंतीवर मुताच्या चिळकांड्या दिसू लागल्या आणि पिंजऱ्यात रोज सकाळी केसांचे पुंजके सापडू लागले. आजोबा म्हणत होते, एकीला मागच्या काजूच्या बागेत सोडून द्या. घरातली धाकटी मुलगी जेवेना. आईचा प्रश्न होता, “एक कुणाला देऊन टाकली तर दुसरी झुरेल का? आणि दोन्ही ठेवल्या तर एकमेकींचा जीव घेतील का?”

बागेत सोडणं तर विचारातूनच काढून टाकायचं. पाळीव ससा हा आपल्या रानातल्या सशाचा भाऊबंद नव्हे, जातच वेगळी. त्याला रानात चारा, आसरा शोधता येत नाही आणि पांढरं अंग मुंगसाला, कोल्ह्याला लांबून दिसतं. शिवाय पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आजोबांना हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर त्यांनीच विषय सोडला.

मग केसांकडे वळलो, कारण या तक्रारीत खरं उत्तर बहुतेक वेळा केसांतच असतं. भांडणातले केस पाठीचे, ढुंगणाकडचे असतात, आखूड, कधी मुळाशी कातडीचा कण असलेले. मादीने स्वतः उपटलेले केस लांब, मऊ आणि छातीचे, गळ्याखालच्या पोळीचे असतात. घरच्या ताईंना, म्हणजे मुलीच्या आईला, राणीला उताणी न करता नुसतं पुढून उचलून छाती बघायला सांगितलं. छाती जवळजवळ उघडी पडली होती. दोन दिवसांपासून ती तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेते, हेही मग त्यांना आठवलं. म्हणजे राणी घरटं करत होती. ती एकतर गाभण होती किंवा खोट्या गाभणपणात, म्हणजे पोटात पिल्लं नसताना गाभण असल्यासारखी वागत होती. दोन माद्यांतही एक दुसरीवर चढली तर खोटा गाभणपणा येतो. तो १६ ते १८ दिवसांत आपोआप ओसरतो. पण चिळकांड्यांमुळे सोनी नर असावी असा संशय होता.

नर-मादी ओळखायची रीत अशी: एकाने ससा मांडीवर धरायचा, पाठ आणि मागचे पाय नीट आधारात. धडपडून मागचे पाय झाडले तर सशाचा कणा मोडू शकतो, म्हणून ही घाई करायची गोष्ट नाही. दुसऱ्याने शेपटी मागे करून गुदद्वाराच्या पुढचा भाग दोन बोटांनी हलकेच दाबायचा. गोल छिद्र आणि नळीसारखं टोक वर आलं तर नर. लांबट फट दिसली तर मादी. अडीच-तीन महिन्यांनंतर नराच्या दोन्ही बाजूंना बिनकेसांच्या लांबट पिशव्याही दिसतात, मात्र घाबरला की तो त्या आत ओढून घेतो. दीड महिन्याच्या पिल्लात हा फरक इतका बारीक असतो की सरावलेला माणूसही चुकतो. बाजारातल्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबायचं नाही ते यासाठी. तो मुद्दाम फसवतोच असं नाही.

सोनी नर निघाली. तालुक्याच्या पशुवैद्यांनी राणीचं पोट चाचपून पिल्लं असल्याचं सांगितलं.

इथून पुढे वेळ महत्त्वाची होती. सशाचा गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा, आणि व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे मादी व्यायच्या आधीच नर वेगळा हवा. मध्ये एकच जाळी लावून भागत नाही. जाळीतून चावे घेतले जातात, कधी समागमही होतो. दोन जाळ्या, मध्ये चार इंचांचं अंतर. एकमेकांना दिसतील, वास येईल, तोंड पोचणार नाही. एकटेपणाने झुरण्याची भीती यानेच बरीचशी मिटते. सोनीच्या कानाला पशुवैद्यांनी मलम दिलं. घरात कुत्र्यासाठी गोचिडांचा स्प्रे होता, तो ‘माशा बसू नयेत म्हणून’ मारायचा बेत होता. अशा स्प्रेत बऱ्याचदा फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं आणि सशाला ते जिवावर बेततं. तो बेत वेळीच थांबवला.

घरट्याला हापूसची रिकामी लाकडी पेटी उत्तम. खिळे ठोकून आत वळवायचे नाहीत, उपटून काढायचे. फळ्यांच्या फटी तळाला पुठ्ठ्याने झाकायच्या. पुढची बाजू सहा इंच उंच ठेवायची, नाहीतर आचळाला लटकलेलं पिल्लू आईबरोबर बाहेर ओढलं जातं. आत कोरडा पेंढा, आणि राणीने उपटलेले केस तिथेच राहू द्यायचे. ‘स्वच्छता’ म्हणून ते झाडून टाकणारी घरं फार. कोकणात दुसरा शत्रू मुंग्या. पेटी चौरंगावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या.

राणीला पाच पिल्लं झाली आणि दुसऱ्याच दिवशी ताईंचा घाबरा फोन, “ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही!” सशाची आई चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, चार-पाच मिनिटं दूध पाजते, तेही बहुधा पहाटे किंवा रात्री. बाकी वेळ ती लांब राहते. पिल्लांची पोटं सकाळी गोल, ताणलेली दिसली तर सगळं ठीक. पोट आत गेलेलं, कातडी सुरकुतलेली असेल तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्य. हात लावला की आई टाकून देते, हा समज खरा नाही. उलट रोज पेटीत बघून, एखादं पिल्लू मेलेलं असेल तर ते काढावंच लागतं. गाईचं दूध ड्रॉपरने पाजायचा मोह टाळावा, ते फुप्फुसात जातं.

खाण्याबद्दल थोडक्यात: गवत चोवीस तास समोर, एवढं की संपता संपू नये. नुसता भाताचा पेंढा व्यालेल्या मादीला पुरत नाही. हरळी, इतर हिरवं गवत, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, जास्वंदीची पानं हवीत. भात, चपाती, बिस्किट नको. परसात अळू, कण्हेर, घाणेरी असेल तर तिकडे जाऊ द्यायचं नाही. पावसाळ्यात कापून ढीग मारलेलं ओलं गवत आतून गरम होतं, त्याने पोट फुगतं. ते पातळ पसरायचं. बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघायची नाही.

सोनीची नसबंदी झाली. कोकणातले बरेच दवाखाने गाई-शेळ्यांचे, म्हणून शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न विचारायला सांगितला: “आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का?” उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा दवाखाना शोधावा. सशाला उलटी होत नाही. उपाशी ठेवला तर आतडी मंदावतात, तेच जास्त घातक. नसबंदीनंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, तोवर जाळ्या तशाच. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन दूध सुटल्यावर राणीचीही शस्त्रक्रिया करून घ्यावी हा आमचा आग्रह असतो. पिल्लांचा प्रश्न संपतोच, शिवाय शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांना चार-पाच वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण मोठं आहे. खर्च ऐकून घरं मागे हटतात, हे खरं. दोन्ही जमत नसेल तर आधी नराची.

पुन्हा एकत्र आणायचं ते राणीच्या पडवीत नाही. दोघांनी कधी न पाहिलेली जागा घ्यायची. या घरात माडीवरची खोली होती. त्याआधी आठवडाभर दोघांच्या लघवीच्या ट्रे अदलाबदल. मग दिवसाला दहा मिनिटं, मध्ये गवताचा ढीग, हाताशी जाड टॉवेल. थोडा पाठलाग, पाठीवर चढणं चालतं. तोंडाच्या बाजूने चढला तर लगेच उतरवायचं. कान मागे, शेपटी ताठ वर आणि गोल गोल फिरणं सुरू झालं की टॉवेल टाकून वेगळे करायचे. नुसता हात घातला तर बोट फाटतं. शेजारी बसून एकमेकांना चाटू लागले की वेळ वाढवायची. याला दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने.

एकत्र आल्यावर पिंजऱ्यात सगळं दोन-दोन: दोन वाट्या, पाण्याची दोन भांडी, दोन लपण्याची खोकी, आणि प्रत्येक खोक्याला दोन तोंडं. एकच तोंड असेल तर आत अडकलेला ससा वळून चावतो. जागा निदान दहा फूट बाय सहा फूट. चिऱ्याची उघडी जमीन तळव्यांना घासते, म्हणून तिच्यावर पेंढ्याचा जाड थर. एक ससा दवाखान्यात न्यायचा असेल तर दुसराही बरोबर न्यायचा, कारण परका वास घेऊन परतलेल्याला घरचा ओळखत नाही आणि भांडण नव्याने सुरू होतं. आणि काही जोड्या कितीही केलं तरी जुळत नाहीत. त्यांना दोन जाळ्यांच्या दोन बाजूंना, शेजारी शेजारी, आयुष्यभर ठेवलं तरी चालतं.