सीटी नॉर्मल आला, मग एमआरआय कशाला?

प्रश्न: आमच्या आबांना मागच्या महिन्यात पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. लगेच कणकवलीला नेलं, सीटी नॉर्मल आला तरी डॉक्टरांनी गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय काढला, त्यात झटका दिसला. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो सीटीचे पैसे फुकट गेले, थेट मुंबईला ३ टेस्लाच्या मशीनवर न्यायला हवं होतं. खरं आहे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: अजिबात नाही. त्या सीटीमुळेच आबांना इंजेक्शन देता आलं. झटका गुठळीने मेंदूची रक्ताची नळी बंद होऊन येतो किंवा नळी फुटून, आणि पेशंटकडे नुसतं बघून कुठला ते सांगता येत नाही, रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिलं तर जिवावर बेततं. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं, काही मिनिटांत कळतं. गुठळीचा झटका मात्र पहिले काही तास सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे तिथे नॉर्मल म्हणजे रक्तस्राव नाही एवढंच. एमआरआयमधला डिफ्यूजन नावाचा स्कॅन वेगळा, रक्त न मिळालेल्या पेशी सुजतात, पाण्याच्या कणांची हालचाल अडते आणि तेवढा भाग चमकतो, तेही फार लवकर.

टेस्ला हे एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचं माप, ३ टेस्ला म्हणजे १.५ टेस्लाच्या दुप्पट ताकदीचं चुंबक. फिट्सचं बारीक कारण शोधायला त्याचा खरा उपयोग, झटका बघायला १.५ पुरतं. आणि इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तास, मालवणहून मुंबईला पोचेपर्यंतच ती संपते हो!

मोठी नळी बंद असेल तर कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने, गुठळी बाहेर काढतात, २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. इतक्या उशिरा काढायची की नाही ते बहुतेकदा पर्फ्यूजन स्कॅनवर, म्हणजे मेंदूत रक्त कुठे किती पोचतंय ते दाखवणाऱ्या स्कॅनवर ठरतं. वाडीतला पाट तुंबला की काही रोपं मरतात, काही नुसती माना टाकतात, पाणी सोडलं तर जगतात, तसा मेंदूचा वाचण्यासारखा भाग त्यात कळतो. त्यासाठी गोवा-कोल्हापूरला जावं लागलं तर जा, पण आधी जवळचा सीटी करून, इंजेक्शन बसत असेल तर ते घेऊन, आणि तिथे फोन करून.

पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना नक्की सांगा, झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री झोपला ती वेळ. एमआरआयच्या आधी पेसमेकर किंवा अंगात कुठलाही धातू असेल तर तेही सांगा.