करमळीहून मयेपर्यंत सायकलने

पहिल्या खेपेला गोव्यातल्या करमळीचं तळं, जुनं गोवं, फेरीबोटीने दिवाडी बेट, पुढे नार्व्याची फेरी आणि मयेचा तलाव, एवढंच करा. फेरीच्या ओल्या लोखंडी रॅम्पवर टायर हमखास घसरतो. उतरून सायकल सरळ ढकलत न्या. सामान मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी सारखं, 10 किलोच्या आत. जास्त लादलंत तर मागच्या चाकाचे स्पोक तुटतात, तेही बहुधा चेनच्या बाजूचे, आणि ते बदलायला आधी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्री, काढावं लागतं. पान्याशिवाय ते रस्त्यात होत नाही. 32 मिमी रुंद टायरला 60 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरे. पावसाळ्यात लाल चिखल रिमवर बसून ब्रेकची रबरं खातो. उतार लागण्याआधी रिम पुसा. करमळीला पक्षी बघायचे तर हिवाळाच बरा.