किती वेळ, हा प्रश्न नंतरचा

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि पुन्हा हातात घेतलं. चित्राची गोष्ट तू दोन ओळींत उरकलीस, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. रात्री चित्र पोस्ट केलंस, अंथरुणात पडल्या पडल्या किती लाइक्स आले ते बघत राहिलीस आणि सकाळी चित्र काढून टाकलंस. मग पत्राच्या शेवटी मला विचारतेस, सोशल मीडिया दिवसाला किती वेळ वापरलेला चालतो?

किती वेळ, हा प्रश्न नंतरचा. आधी हे सांग, काढून टाकताना ते चित्र तुला स्वतःला कसं वाटत होतं? आदल्या संध्याकाळी आवडलं होतं, म्हणूनच टाकलंस ना? रात्रीतून त्यातली एक रेघही इकडची तिकडे झाली नव्हती. तरी सकाळी तेच चित्र तुला फालतू वाटलं, आणि त्यासाठी कुणी वाईट बोलावंही लागलं नाही. कुणी फारसं काही बोललं नाही, एवढ्यानेच तुझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. तुझ्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती याची. फोनवर गेलेल्या तासांची त्यामानाने कमी.

त्या शांततेचा अर्थ तू असा लावलास की लोकांनी पाहिलं आणि त्यांना आवडलं नाही. पण पाहिलं की नाही, हेच आपल्याला ठाऊक नसतं. इन्स्टाग्रामवर सुरुवातीला पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या, सगळ्यात नवी सगळ्यात वर. २०१६ पासून तो क्रम अल्गोरिदम, म्हणजे अ‍ॅपमागचं गणित, ठरवू लागला. कोण कशापाशी थांबेल, कशावर काही तरी प्रतिक्रिया देईल, याचा अंदाज बांधून कुणाला काय दाखवायचं ते ठरतं. तुझं चित्र किती जणांसमोर आलं, त्यातल्या किती जणांनी अंगठ्याने वर ढकललं आणि किती जणांना आवडूनही लाइक करायचं सुचलं नाही, हे त्या आकड्यावरून कळायला काहीच मार्ग नाही. चित्र कसं आहे, हा प्रश्न त्या आकड्याला कुणी विचारलेलाच नव्हता. उत्तर मात्र तू त्याच्याकडून घेतलंस.

आता त्या रात्रीकडे जरा नीट पाहू. फोन उघडला, दोन लाइक्स. ठेवला. पुन्हा उघडला, तेवढेच. पुन्हा उघडला, एक वाढला आणि क्षणभर बरं वाटलं. पुन्हा उघडला, काही नाही. यात तुझ्या मनाचा कमकुवतपणा मला दिसत नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दर खेपेला दाणा मिळाला तर प्राणी पोट भरलं की थांबतो आणि दाणे बंद झाले की लवकर नाद सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही आणि केव्हा मिळेल याचा काही नेम नाही, अशी स्थिती असली की तो चिवटपणे प्रयत्न करतच राहतो. तुला झोपू देत नव्हती ती ही अनिश्चितता. ठरावीक वेळी ठरावीक लाइक्स येत असते तर तू केव्हाच कंटाळली असतीस.

या सोयी आपोआप उगवलेल्या नाहीत, हेही लक्षात ठेव. फेसबुकवर लाइकचं बटण आलं २००९ मध्ये. त्याआधी २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल शोधून काढलं. पूर्वी पान संपायचं, 'पुढे' वर बोट ठेवावं लागायचं, आणि तेवढ्या अवधीत 'पुरे आता' असं मनात येऊ शकायचं. ती थांबायची जागाच गेली. पुढे रास्किन यांनी स्वतः या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. तेव्हा रात्री उशिरापर्यंत जागलीस म्हणून स्वतःला आळशी, बेशिस्त वगैरे म्हणणं आधी बंद कर. जिथे माणसाने थांबू नये म्हणून हुशार लोक पगार घेऊन काम करतात, तिथे केवळ निग्रहाच्या बळावर थांबणं कुणालाही जड जातं. निग्रहापेक्षा मांडणी बदलणं सोपं. त्याबद्दल पुढे सांगते.

तू लिहिलंस, "सगळ्यांचं आयुष्य छान चाललंय, माझंच अडलंय." या 'सगळ्यां'कडे मला तुझं लक्ष वेधायचं आहे. माणूस स्वतःला जोखण्यासाठी दुसऱ्याकडे बघतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सिद्धांत म्हणून मांडलं, आणि त्यात वावगं काही नाही. आपण बरे की वाईट हे मोजायला दुसरी पट्टी बहुतेक वेळा नसतेच. अडचण अशी की फीडमध्ये दिसणारी माणसं ही 'सगळी' नसतात. १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने एक गंमतीदार वाटणारी पण पक्की गणिती गोष्ट दाखवून दिली: बहुतेक माणसांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण साधं आहे. ज्या मुलीला ५०० मैत्रिणी आहेत, ती ५०० जणींच्या यादीत असते. जिला ५ आहेत, ती फक्त पाच याद्यांत. त्यामुळे कुणाचीही यादी उघड, त्यात गोतावळा मोठा असलेली माणसंच जास्त भेटणार. आपण एकलकोंडे आहोत असं वाटायला प्रत्यक्षात एकलकोंडं असण्याची गरजच नाही.

हेच पोस्टनाही लागू आहे. रोज चार स्टोरीज टाकणारी व्यक्ती तुझ्या फीडमध्ये रोज असते. महिन्यातून एखादा फोटो टाकणारी जवळजवळ नसतेच. आणि आज दिवसभर घरी बसून अभ्यास केलेली, भांडण झालेली, ताप आलेली माणसं तर मुळीच नसतात. तू रात्री साडेअकराला जे पाहतेस ती असंख्य माणसांच्या आयुष्यातली निवडून काढलेली मिनिटं असतात, आणि तुलना करतेस स्वतःच्या अख्ख्या, न निवडलेल्या दिवसाशी. हे पटतं तुला, मला माहीत आहे. पटूनही पोटात कालवतंच, हेही माहीत आहे. म्हणून नुसतं समजून घेण्यावर थांबू नकोस. ज्या अकाउंटवरून आलीस की नेमाने उदास होतेस, ते म्यूट कर. समोरच्याला कळतही नाही, मैत्रीही तुटत नाही. यात मत्सर किंवा कद्रूपणा आहे असं मानू नकोस.

मैत्रिणींच्या सहलीची गोष्ट मात्र मी या हिशेबात धरणार नाही. तुला न विचारता त्या गेल्या, त्यांच्या स्टोरीज तू पुन्हा पुन्हा पाहिल्यास, कोण कुणाशेजारी बसलंय हेसुद्धा टिपलंस. तो फोटो दिसला नसता तर त्या रात्री त्रास झाला नसता, हे खरं. पण तुला वगळलं गेलं हे फोनने घडवलेलं नाही. त्याने फक्त दाखवलं. काही दुखणी फोनमधून येतात, काही फोनमुळे नुसती दिसतात, आणि दोहोंवर इलाज वेगवेगळे. पहिल्यावर अंतर ठेवणं उपयोगी पडतं. दुसऱ्यासाठी माणसाशी बोलावं लागतं. त्यातली जी तुला जवळची वाटते तिला एकटीला भेट आणि विचार, "मला का नाही सांगितलंत?" टोमणा न मारता विचार. कदाचित साधं विसरणं असेल, कदाचित नसेल. दोन्ही उत्तरं पडद्याकडे बघत रचलेल्या तर्कांपेक्षा बरी.

आता तुझा वेळेचा प्रश्न. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटंच वापरायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं. तीन आठवड्यांनी कमी वापरणाऱ्यांचं एकटेपण आणि नैराश्याची लक्षणं घटलेली दिसली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: चिंता आणि काहीतरी आपल्याकडून निसटतंय ही धास्ती दोन्ही गटांत कमी झाली, नेहमीसारखं वापरणाऱ्यांतही. आपल्या वापरावर आपलीच नजर असल्याने हे झालं असावं, असं संशोधकांना वाटलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी लाखो किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तेव्हा मुलांमुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. म्हणजे सगळ्या दुःखाचं खापर फोनवर फोडणाऱ्या मोठ्या माणसांचं ऐकून तूही तसंच मानू नकोस. पण सरासरी म्हणजे तू नव्हेस. त्याच सरासरीत आपल्यासारखी माणसं ऑनलाइन भेटली म्हणून तगून राहिलेला मुलगा असतो, आणि रोज रात्री आरशासारखा फोन बघून स्वतःच्या चेहऱ्याला नावं ठेवणारी मुलगीही असते. दोघांची बेरीज केली की शून्याजवळ येते. म्हणून एक तास चालेल, दोन चालणार नाहीत, असा आकडा मी तुला देणार नाही. मित्राशी तासभर व्हिडिओ कॉलवर हसणं आणि दहा मिनिटं जुन्या वर्गमैत्रिणीचे फोटो उकरत बसणं, यांत घड्याळ काय सांगणार?

त्याऐवजी एक कर. आठवडाभर छोटी वही जवळ ठेव. अ‍ॅप उघडण्याआधी मनात काय आहे ते एका-दोन शब्दांत लिही: कंटाळा, राग, अभ्यासाची भीती, कुणाची तरी आठवण. बंद केल्यावर पुन्हा लिही. निष्कर्ष काढायची घाई करू नकोस. माझा अंदाज असा की काही नोंदींत मन खरोखर हलकं झालेलं दिसेल, ते सोडायचं कारण नाही. आणि काही नोंदींत एकच शब्द पुन्हा पुन्हा आधीही येईल आणि नंतरही. तो शब्द महत्त्वाचा. अभ्यासाची भीती घेऊन गेलीस आणि तीच घेऊन परत आलीस, तर बोलायचं आहे ते त्या भीतीबद्दल, आणि ते आपण बोलू.

मांडणीचं म्हणत होते ते असं. नोटिफिकेशन फक्त माणसांच्या थेट मेसेजची ठेव, बाकी सगळी बंद. लाइक्सचे आकडे लपवायची सोय इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये दिली आहे, ती चालू कर. पोस्ट टाकलीस की फोन ठेवून दे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघायचं नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. उशीखाली नाही, टेबलावर उलटा ठेवलेला नाही, दुसऱ्या खोलीत. गजरासाठी साधं घड्याळ घे. पडद्याच्या उजेडाने झोप लांबते हे तू वाचलं असशील, पण मला त्याहून वाईट वाटतं ते रात्रीच्या विचारांचं. थकलेल्या मेंदूला कुठलीही गोष्ट तिच्या खऱ्या आकारापेक्षा मोठी दिसते, आणि नेमकं त्याच वेळी तू स्वतःचा निकाल लावायला बसतेस. तुझ्या वयात किमान आठ तास झोप हवीच. बाकी सगळं जमलं नाही तरी एवढं कर.

आणि चित्रं काढत राहा. त्यातली काही कुणालाही न दाखवता वहीत राहू देत. दाखवायची असतील तेव्हा चित्रातलं कळणाऱ्या एका माणसाला दाखव आणि "कसं आहे?" असं मोघम विचारू नकोस. "हा हात मनगटापाशी ताठ वाटतो का?" असं विचार. अशा प्रश्नाचं उत्तर घेऊन पुन्हा कागदापाशी बसता येतं.

शेवटचं, आणि हे नीट वाच. पत्रात एके ठिकाणी तू लिहिलंस की हल्ली कशातच मन लागत नाही. ते किती दिवसांपासून, हे लिहिलेलं नाहीस. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसाचा बराचसा वेळ उदास जात असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर वही, म्यूट, नोटिफिकेशन हे सगळं अपुरं आहे. मग डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं. त्यासाठी अगदी कोसळण्याची वाट बघायची नसते. एकटीने जायला अवघड वाटलं तर मी बरोबर येईन. घरी कसं सांगायचं हा प्रश्न असेल तर तेही आपण मिळून ठरवू. आणि जगणंच नको असं कधी मनात आलं, तर त्या क्षणी घरात जो असेल त्याला उठव, रात्रीचे कितीही वाजलेले असोत, आणि लगेच मला फोन कर.

ते 'किती दिवसांपासून' मला कळव. पत्राची वाट बघायला नको, उद्या संध्याकाळी फोनच कर, मी घरीच आहे.

तुझ्या,
बाई