आयकर रिफंडमधल्या 450 रुपयांबद्दल

पोरी,

तुझा मेसेज वाचला. खात्यात 18,450 रुपये आले, हिशेबाने यायला हवे होते 18,000. ही सगळी रक्कम उत्पन्नात धरायची का? आणि नागपूरच्या सीताबर्डीतला कोणी माणूस म्हणतो तसा रिफंड 'वाढवून' मिळतो का? पहिल्या प्रश्नाने घाबरून राहिली तू; घाबरायला हवं होतं दुसऱ्याने.

रिफंड म्हणजे तुझाच पैसा. कंपनीने वर्षभरात 42,000 टीडीएस कापला, कर निघाला 24,000, जास्तीचे 18,000 परत आले. ज्या पगारातून ते कापले, तो पूर्ण पगार तू रिटर्नमध्ये दाखवलेलाच आहेस. त्यावर पुन्हा कर कशाचा? 18,000 कुठेही उत्पन्न म्हणून लिहायचे नाहीत.

वरचे 450 हे कलम 244अ चं व्याज. रिटर्न तपासल्यावर आयकर विभाग जे पत्र पाठवतो, त्या इंटिमेशनमध्ये त्याची वेगळी ओळ असते. पूर्ण उघडून वाचायचं असतं ते! (कलमांचे आणि फॉर्मचे नंबर 1961 च्या कायद्यातले सांगतोय, 2025 च्या नव्या कायद्यात ते बदललेत.) दर महिन्याला अर्धा टक्का, सरळ व्याज, अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. रिटर्न मुदतीत भरलंस म्हणून मोजणी 1 एप्रिलपासून झाली. ऑगस्टपर्यंत पाच महिने, म्हणजे 18,000 चे अडीच टक्के. उशीर केला असतास तर रिटर्न भरल्याच्या तारखेपासून मोजलं असतं. आणि रिफंड निघालेल्या कराच्या 10 टक्क्यांहून कमी, तुझ्या बाबतीत 2,400 पेक्षा कमी असता, तर व्याज मिळालंच नसतं.

हे व्याज मात्र उत्पन्न आहे. ज्या आर्थिक वर्षात हाती आलं, त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये 'इतर स्रोत' या सदरात दाखव. तिथे आयकर रिफंडवरच्या व्याजाचा वेगळा पर्याय आहे. बचत खात्याच्या व्याजात ढकलू नकोस, 80टीटीएची वजावट याला मिळत नाही. यावर टीडीएस कापत नाहीत, म्हणून लोक विसरतात. पण एआयएसमध्ये, म्हणजे विभागाकडच्या तुझ्या उत्पन्नाच्या नोंदीत, ते दिसतं.

आता तो माणूस. तो काय करणार? खोटी भाडेपावती, न भरलेला विमा, एखाद्या पक्षाला न दिलेली देणगी, आणि आलेल्या रिफंडात त्याचा हिस्सा. नोटीस तुझ्या पॅनवर येणार. चुकीची माहिती देऊन बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड, शिवाय कर आणि व्याज वेगळं. तुला तो 50 टक्क्यांनी एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट, दाखवतो म्हणाला ना? 50 टक्के ठरावीक मोठ्या शहरांनाच, त्या हिशेबात नागपूर 40 टक्क्यांत येतं. वर्धा रोडवरून मेट्रो धावते म्हणून आपण मेट्रो शहर होत नाही, बापा. अख्ख्या देशाचे आयकर अधिकारी ज्या गावात छिंदवाडा रोडवर शिकतात, तिथे हा धंदा चालतो! तुझा पैसा 18,000 आणि त्यावरचं व्याज, एवढाच होता. त्याच्या वरचा एक रुपया तुझा नाही.

तुझाच पैसा असून अडकतो कुठे, तेही सांगतो. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं. त्यानंतर केलं तर व्हेरिफिकेशनची तारीखच रिटर्नची तारीख धरतात आणि ती मुदतीबाहेर गेली की लेट फी लागते. नोकरी बदलली, जुनं सॅलरी अकाउंट बंद केलं आणि पोर्टलवर तेच राहिलं, की रिफंड परत जातो. मग नवं खातं व्हॅलिडेट करून रिफंड रीइश्यूची विनंती टाकावी लागते. जुनी थकबाकी असेल तर कलम 245 ची सूचना येते. 21 दिवसांत उत्तर दिलं नाहीस तर रिफंड तिकडे वळता होतो. आणि कापलेला टीडीएस 26एएसमध्ये, म्हणजे तुझ्या पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, नसेल तर एचआरच्या मागे लाग, त्यांच्या टीडीएस रिटर्नमध्ये दुरुस्ती करून घे.

मोठा रिफंड आला म्हणून पेढे वाटणाऱ्यांचा मला राग येतो. वर्षभर तुझाच पैसा बिनव्याजी अडकला, नंतर व्याज मिळालं तेही वर्षाला सहा टक्क्यांनी, यात आनंद कसला? वर्षाच्या सुरुवातीलाच एचआरला कोणती कररचना हवी ते सांग. जुनी घेतलीस तर वजावटींचा 12बीबी फॉर्म पुराव्यांसकट दे. मला खडूस म्हणतात यावरून. म्हणू दे. आमच्या पिढीने पोरांना इंजिनिअर केलं, पगाराची स्लिप वाचायला शिकवलं नाही, ही सल आहे मनात. म्हणून इतकं चिडून लिहितोय.

त्या माणसाला पासवर्ड दिला असशील तर आजच बदल. आणि पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल तुझाच आहे की त्याचा, ते बघ. त्याचा असेल तर नोटीस त्याला जाईल, तुला कळणारही नाही.

तुझा,
काका