मॉरिशसमधला भाचा, गर्द आणि मेथाडोन

तुमचा प्रश्न असा: भाचा मॉरिशसला, वय २४, गर्द (म्हणजे हेरॉइन) टोचून घेतो. त्याला पुण्यात आणून महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं का? आणि तिथेच मदत मागितली तर पोलीस धरतील का?

महिनाभर ठेवून परत पाठवू नका. तेवढ्यात शरीराची सवय मोडते, पण ओढ राहते. परत गेल्यावर तो जुन्याच मापाने टोचतो आणि श्वास थांबतो. गर्दवाल्यांचे बरेच मृत्यू असे केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतात.

त्यापेक्षा तिथेच मेथाडोन सुरू करा, म्हणजे गर्दाऐवजी रोज घ्यायचं, ओढ दाबून ठेवणारं औषध. २००५ साली मॉरिशसमध्ये एचआयव्हीचे ९२१ नवे रुग्ण सापडले, त्यातले ९२ टक्के सुईवाले. त्या धक्क्यानंतर २००६ मध्ये कायदा झाला, सुया बदलून मिळू लागल्या आणि सरकारी मेथाडोनही आलं. २०१५ मध्ये नव्या रुग्णांना ते देणं थांबवलं होतं, म्हणून 'आता बंद झालंय' असं अजून कोणी सांगेल. पुढे ते पुन्हा सुरू झालं. चौकशी सरकारी आरोग्य केंद्रात करा, किंवा पोर्ट लुईच्या प्लेन व्हर्त भागातल्या डॉ. इद्रिस गुमानी केंद्रात.

पोलिसांचं म्हणाल तर काही ठिकाणी सकाळचं वाटपच ठाण्याच्या आवारात होत आलंय. मुलं बिचकतात ती इथेच, आणि मला ही व्यवस्था कधीच पटली नाही. पण औषध घ्यायला जाणं हा गुन्हा नाही. शिवाय अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्वतःपुरता माल सापडलेल्याला खटल्याऐवजी उपचारांकडे पाठवणारं मंडळ आहे. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

आता खरी जोखीम. पहिल्या दिवशी साधारण २० ते ३० मिलिग्रॅमच देतात, त्याने टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्यावर होणारा त्रास, पूर्ण जात नाही. मेथाडोन शरीरात एक दिवसाहून जास्त टिकतं, त्यामुळे डोस तोच असला तरी चार-पाच दिवस ते साचत जातं. 'काही होत नाही' म्हणून मुलगा वर गर्द, दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री दगावतो. पहिले दोन आठवडे घरच्यांनी रात्री उठून बघावं. जोरात घोरतोय, हलवून उठत नाही, ओठ निळे दिसतात? कुशीवर वळवा आणि ११४ (तिथली रुग्णवाहिका) लावा. सकाळची वाट पाहू नका.

डोस हळूहळू वाढवून बहुतेक ६० ते १२० मिलिग्रॅमवर स्थिरावतो. सलग तीन दिवस चुकले तर औषधाच्या खिडकीवर तसं सांगायचं. लपवून जुना पूर्ण डोस घेणं धोक्याचं. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर मेथाडोन लवकर उतरतं, टर्की येते आणि सगळ्यांना वाटतं पोरगा थापा मारतोय. औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना द्या. तीन महिन्यांत 'कधी बंद होणार?' हे टुमणं लावू नका; वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

एचआयव्हीबरोबर हेपॅटायटिस सीची तपासणीही करून घ्या. सुईवाल्यांत तो फार आहे आणि साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो.

तो नक्की काय घेतो तेही विचारा. तिथल्या तरुणांत सिंथेटिक, म्हणजे रसायन फवारलेला पाला, बराच चालतो. त्यावर मेथाडोनचा उपयोग नाही.